काउंटर शून्य होता

दोन प्रोग्राम आपापल्या जागी बिनचूक असतात आणि एकमेकांना जोडले की फसतात. नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सर्रास घडतं. एनएफएस या प्रोटोकॉलचंच घ्या. सन मायक्रोसिस्टिम्सने तो १९८४ मध्ये तयार केला. १९८९ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं वर्णन आरएफसी १०९४ या दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झालं, तेव्हा ते २७ पानांत मावलं होतं. तिसऱ्या आवृत्तीला १९९५ मध्ये १२६ पानं लागली. ४.१ चा दस्तऐवज २०१० मध्ये आला तो ६१७ पानांचा, आणि ४.० चं २०१५ मध्ये सुधारून काढलेलं वर्णन ३२३ पानांचं. एवढं वाचून एका कंपनीने सर्व्हर लिहायचा आणि दुसरीने क्लायंट. या दस्तऐवजांत काही गोष्टी केल्याच पाहिजेत, काही कराव्यात, काही केल्या तरी चालतील. या तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांमध्ये आमच्या आयुष्यातल्या कितीतरी रात्री गेल्या आहेत.

यावर या धंद्याने एक उपाय काढला होता. ऐंशीच्या दशकात सनने कनेक्टेथॉन सुरू केलं आणि पुढे वर्षानुवर्षं ते सॅन होजेला भरत राहिलं. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर अजून बाजारात न आलेली यंत्रं घेऊन एका सभागृहात जमायचे, सगळी यंत्रं एकाच नेटवर्कला जोडायचे आणि प्रत्येकाचा क्लायंट प्रत्येकाच्या सर्व्हरवर चालवून बघायचे. तिथे दिसलेलं बाहेर बोलायचं नाही, जाहिरातीत वापरायचं नाही, ही अट. बेसिक, जनरल, स्पेशल आणि लॉक अशा चार भागांचा टेस्टचा जो संच आम्ही आजही चालवतो, तो तिथूनच आलेला आहे. एसएमबी या दुसऱ्या फाइल-प्रोटोकॉलवाल्यांचेही असे मेळावे भरतात.

तरुण असताना मी अशा मेळाव्यांना गेले आहे. टेस्टचा संच अर्ध्या तासात आटपायचा. बाकीचा सगळा वेळ जायचा तो संचाबाहेरच्या गोष्टींत. तुमचा क्लायंट हँग झाला की तुम्ही उठायचं, चार टेबलं ओलांडून त्या सर्व्हरवाल्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि दोघांनी मिळून एकाच स्क्रीनवर पॅकेटचा ट्रेस वाचायचा. तो म्हणायचा, हे उत्तर मी बरोबर दिलंय. तुम्ही म्हणायचं, पण त्यावर मी काय करावं असं तुला वाटतं? या प्रश्नाचं उत्तर आरएफसीत नसायचं. ते त्या दोन खुर्च्यांमध्ये ठरायचं आणि नंतर कधीतरी आरएफसीच्या पुढच्या आवृत्तीत जायचं.

२०२० मध्ये प्रवास बंद झाला. आमच्या ओळखीतल्या काही कंपन्यांनी ठरवलं, की आपण आपापल्या प्रयोगशाळा इंटरनेटवरून जोडून अशा टेस्टची एक छोटी फेरी करू. ती भरवायची जबाबदारी मी घेतली. मागून घेतली, कारण हे काम आपल्याला येतं याची मला खात्री होती. मी पुण्यात होते, दोन संघ कॅलिफोर्नियात, एक जर्मनीत, आणखी काही इकडे तिकडे. तयारीचा पहिला कागद मी काढला तो नेटवर्कच्या आकृतीचा. माणसं कुठे भेटणार, कोण कुणाशी कधी बोलणार, यासाठी मी एक रकाना ठेवला आणि त्यात कॉलची लिंक टाकली. सभागृहात जे होतं त्यातल्या तारा तेवढ्या मी उचलल्या होत्या. खुर्च्या मागेच राहिल्या, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही.

छोट्या चुकांपासून सांगते. वेळापत्रक मी सप्टेंबरमध्ये केलं. प्रत्येक संघाची स्थानिक वेळ मी हाताने मोजून रकान्यात भरली आणि फेरी ठेवली दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून. त्या वर्षी दसरा होता २५ ऑक्टोबरला, रविवारी. युरोपातली घड्याळं त्याच रविवारी एक तास मागे गेली. अमेरिकेतली पुढच्या रविवारी, १ नोव्हेंबरला जाणार होती. म्हणजे मधल्या आठवड्यात जर्मनी आणि कॅलिफोर्निया यांच्यातलं अंतर नेहमीपेक्षा एका तासाने कमी होतं आणि माझं वेळापत्रक नेहमीच्या अंतरावर उभं होतं. सोमवारी जर्मन संघ एका तासाने चुकला, त्याच्या वाट्याची जोडीदार माणसं निघून गेली, आणि कॅलिफोर्नियातल्या लोकांना पहाटे उठून रिकामा कॉल मिळाला. दोन्हीकडच्या वेळा एका प्रमाणवेळेत लिहिल्या असत्या तर हे टळलं असतं. ज्यांना मी बोलावलं होतं, त्यांच्या पहाटेचा विचार मी यंत्रांच्या पत्त्यांइतका बारकाईने केला नव्हता.

मग माउंट होतं, छोटी डिरेक्टरी दिसते, मोठी डिरेक्टरी उघडली की सगळं थिजतं, अशी तक्रार आली. हे मला ऐकताक्षणीच ओळखता यायला हवं होतं. इथरनेटवर पॅकेट एरवी जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतं. व्हीपीएनचा बोगदा त्यातली काही जागा स्वतःच्या वेष्टनासाठी घेतो. मोठं पॅकेट बोगद्यात मावत नाही, आणि मावत नाही हे सांगणारा आयसीएमपीचा निरोप वाटेतल्या कुठल्यातरी फायरवॉलने अडवलेला असतो. पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटी उत्तरं सुखरूप पोचतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. दोन संघांनी जवळजवळ पूर्ण दिवस एकमेकांच्या कोडमध्ये बग शोधला आणि बग माझ्या बोगद्यात होता. फेरीआधी मोठ्या पॅकेटचं एक पिंग प्रत्येक वाटेवरून टाकून बघायला फार तर एक दुपार लागली असती.

अंतराचाही अंदाज मी चुकवला. पुण्याहून कॅलिफोर्नियाला निरोप जाऊन उत्तर यायला सुमारे पाव सेकंद लागतो. बेसिक संचातली पहिलीच टेस्ट १५५ फाइली आणि ६२ डिरेक्टऱ्या तयार करते. एका खोलीत हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. इथे प्रत्येक फाइलमागे शोध, उघडणं, बंद करणं अशा तीनचार फेऱ्या, आणि दर फेरीला पाव सेकंद. सेकंदाच्या टेस्टला मिनिटं लागली, पुढच्या जड टेस्टना तास. मी प्रत्येक जोडीला दिलेल्या वेळेत संचच संपेना. मग मी ते केलं जे कुठल्याही दमलेल्या आयोजकाला सुचतं. जोड्यांना सांगितलं, की संच चालला आणि पास झाला की थांबा, पुढच्याला जागा द्या. सभागृहात जो वेळ संचानंतर सुरू व्हायचा, तोच मी कापला.

आता मुख्य चुकीकडे येते. तिच्यासाठी डेलिगेशन म्हणजे काय ते सांगावं लागेल.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर एखाद्या क्लायंटला म्हणू शकतो, की ही फाइल सध्या तुझ्याशिवाय कुणी वापरत नाहीये, तेव्हा दर वेळी मला विचारू नकोस, तुझ्या मेमरीतच वाच, तिथेच लिही, सवडीने माझ्याकडे आण. कालव्याच्या पाण्याची पाळी मिळते तसंच हे. पाळी तुमची आहे तोवर पाणी पूर्ण तुमचं. दुसऱ्याने मागितलं की पाटकरी बांधावर येऊन सांगतो, आता दार लावा. डेलिगेशनमध्ये हा पाटकऱ्याचा निरोप म्हणजे कॉलबॅक. दुसऱ्या क्लायंटने तीच फाइल उघडायला घेतली की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडतो: साठवलेलं सगळं लिहून काढ आणि डेलिगेशन परत कर. तोवर दुसऱ्याला ‘थोडं थांब’ असं उत्तर मिळत राहतं.

४.० मध्ये हा निरोप द्यायला सर्व्हरला स्वतःहून क्लायंटकडे नवी जोडणी करावी लागते. एसएमबीत अशी अडचण नाही, तिथे हा निरोप क्लायंटने उघडलेल्या जोडणीवरूनच येतो. एनएफएसनेही ४.१ मध्ये तसंच केलं. पण ४.० मध्ये क्लायंट सुरुवातीला आपला पत्ता कळवतो आणि सर्व्हर त्या पत्त्यावर येऊन दार ठोठावतो. म्हणून शहाणा सर्व्हर डेलिगेशन द्यायच्या आधी त्या वाटेवरून एक रिकामा निरोप पाठवून बघतो. तो पोचला नाही, तर डेलिगेशन देतच नाही. हे अगदी योग्य वागणं आहे. परत मागता येणार नाही ते देऊ नये.

माझ्या नेटवर्कमध्ये ही वाट नव्हती. जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत पत्ते १९२.१६८ ने सुरू होणारेच होते आणि ते एकमेकांवर आदळत होते. नीट करायचं तर प्रत्येक यंत्राला या फेरीपुरता वेगळा पत्ता द्यायला हवा होता. त्यात प्रत्येक संघाला काम होतं आणि मला ते काम मागायचा संकोच वाटला. मी सोपं केलं. प्रत्येक प्रयोगशाळेच्या दाराशी पत्ते बदलून देणारा गेटवे ठेवला आणि सर्व्हरच्या २०४९ पोर्टला बाहेरून वाट दिली. क्लायंटकडे बाहेरून येणारी वाट कुणाला लागेल असं मनात आलंच नाही. शंभरातल्या नव्याण्णव गोष्टींमध्ये क्लायंटच सर्व्हरकडे जातो.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या संघातला एक मुलगा कॉलवर आला. त्याला कंपनीत येऊन फार दिवस झाले नव्हते. बोलायच्या आधी तो दोनदा ‘ऐकू येतंय ना’ म्हणाला.

“मॅडम, डेलिगेशनचा काउंटर शून्य आहे.”

“कधीपासून?”

“सुरुवातीपासूनच. आपल्या सर्व्हरने कुणालाच एकही दिलेलं नाहीये. ऑफिसमध्ये हाच बिल्ड चालवला की भराभरा देतो.”

“टेस्ट पास झाल्यात ना?”

“हो, टेस्ट सगळ्या पास आहेत. पण—”

“मग शीटमधली ओळ हिरवी कर आणि पुढची जोडी घे. आपण आधीच मागे आहोत.”

तो ‘हो मॅडम’ म्हणाला. मी पुढच्या जोडीला फोन लावला.

तो वाक्य कसं पुरं करणार होता, हे मी पुष्कळ नंतर विचारलं. त्याला म्हणायचं होतं, की टेस्ट पास होणारच, कारण डेलिगेशन देणं सर्व्हरच्या मर्जीवर असतं. न देणारा सर्व्हरही नियमाने बरोबर असतो, म्हणून टेस्टचा संच ते मिळालं की नाही हे विचारतच नाही. डेलिगेशनचा आमच्या कोडमधला सगळा भाग, देणं, परत मागणं, वाट बघणं, न मिळाल्यास काढून घेणं, त्या आठवड्यात एकदाही चालला नव्हता. हे त्याला त्या संध्याकाळी समजलेलं होतं. मलाही समजलं असतं, पण मी माझ्या शीटमधले रिकामे चौकोन मोजत होते.

फेरी संपली. शीटचा मोठा भाग हिरवा होता. मी सगळ्यांना आभाराचं पत्र लिहिलं, त्यात आमच्या सर्व्हरबरोबरच्या ४.० च्या सर्व जोड्या पास झाल्याचं नमूद केलं. काही महिन्यांनी आमचा तो बिल्ड बाजारात गेला, लिहिण्याची मुभा देणारं राइट डेलिगेशन चालू ठेवून. आमच्या ४.१ च्या नव्या कोडमध्ये ते आम्ही अजून बंद ठेवलं होतं. ४.० मधलं जुनं आणि तपासलेलं आहे, असं मी बैठकीत सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात एका ग्राहकाकडून फोन आला. त्यांच्याकडे द्रवाच्या प्रवाहाची मोठी गणितं चालत. एक यंत्र रात्रभर निकाल फाइलमध्ये लिहायचं, दुसरं यंत्र सकाळी ती फाइल उघडून आलेख काढायचं. एका सकाळी फाइलची लांबी पूर्ण होती आणि आतल्या लांबच लांब पट्ट्यांत नुसती शून्यं होती.

ट्रेस हातात आल्यावर गोष्ट उलगडायला वेळ लागला नाही. लिहिणाऱ्या यंत्राकडे २५६ जीबी मेमरी होती. लिनक्स नेहमीच्या मांडणीत उपलब्ध मेमरीचा सुमारे २० टक्के भाग अजून न पाठवलेल्या लिखाणाने भरू देतं. म्हणजे पन्नास जीबीच्या आसपास. त्या यंत्राची नेटवर्कची तार १ गिगाबिटची. तिच्यातून सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात, म्हणजे पन्नास जीबी जायला साडेसहा मिनिटांहून अधिक लागणार. सकाळी दुसऱ्या यंत्राने फाइल उघडली. आमच्या सर्व्हरने पहिल्याला डेलिगेशन परत मागितलं. क्लायंटने आज्ञाधारकपणे लिहायला सुरुवात केली. ९० सेकंद झाले आणि आमच्या सर्व्हरने, मुदत संपली म्हणून, डेलिगेशन काढून घेतलं. क्लायंटच्या पुढच्या प्रत्येक लिखाणाला सर्व्हर म्हणाला, तुझा हक्क संपला. क्लायंटने उरलेलं फेकून दिलं आणि फाइल बंद करताना प्रोग्रामला चूक कळवली. प्रोग्रामने बंद करण्याचं उत्तर तपासलेलंच नव्हतं. तसं न तपासणारे प्रोग्राम जगात पुष्कळ आहेत.

कोण चुकलं? आरएफसी म्हणतं, की डेलिगेशन परत करायला साधारण लीजइतका, म्हणजे सर्व्हरने क्लायंटला दिलेल्या हक्काच्या मुदतीइतका, वेळ द्यावा. आमचं लीज ९० सेकंदांचं होतं, तेवढा आम्ही दिला. क्लायंट मनापासून साठा रिकामा करतोय असं दिसलं तर सर्व्हर मुदत वाढवू शकतो, असंही तिथे आहे. वाढवलीच पाहिजे, असं नाही. क्लायंटने आपल्या बाजूने काही चुकीचं केलं नव्हतं. दोघंही पुस्तकाप्रमाणे वागले आणि एका माणसाचं रात्रभराचं काम गेलं. याच जागेसाठी तर या फेऱ्या भरवतात.

मला जे सर्वांत जास्त लागलं ते यानंतर कळलं. हा दोष एका खोलीतल्या मेळाव्यात कदाचित कधीच सापडला नसता. तिथल्या तारा वेगवान, फाइली लहान, साठा चुटकीसरशी रिकामा होतो. तो सापडण्यासाठी लागतो मंद दुवा. आमच्या फेरीत ४० मेगाबिटच्या आसपास वेग मिळत होता. त्या वेगाने अवघ्या १ जीबीची फाइल पाठवायला २०० सेकंद लागतात, ९० च्या दुपटीहून जास्त. दोन क्लायंट, एक जीबीची एक फाइल, एकाने लिहायची आणि दुसऱ्याने मध्येच उघडायची. पहिल्याच प्रयत्नात आमचा सर्व्हर उघडा पडला असता. ज्या अंतराला मी आठवडाभर अडचण म्हणत होते, ज्याच्यामुळे टेस्ट लांबतात म्हणून मी लोकांना घाईने पुढे ढकलत होते, ते अंतर म्हणजेच आमच्याकडचं सर्वांत चांगलं परीक्षेचं साधन होतं. आणि नेमक्या त्याच जागी मी माझ्या सोयीसाठी एकतर्फी दार बसवलं होतं.

त्या फेरीतले पॅकेटचे ट्रेस आमच्याकडे जपून ठेवलेले होते. मी ते पुन्हा उघडले. एका क्लायंटने कॉलबॅकसाठी कळवलेला पत्ता होता १९२.१६८.१.७.१३९.८९. शेवटचे दोन आकडे पोर्टचे असतात: १३९ गुणिले २५६ अधिक ८९, म्हणजे ३५६७३. तो पत्ता त्याच्या प्रयोगशाळेतला होता. गेटवेने बाहेरच्या वेष्टनावरचा पत्ता बदलला होता, पण निरोपाच्या आत लिहिलेला पत्ता कोण बदलणार? आमच्या सर्व्हरने १९२.१६८.१.७ हा पत्ता आपल्याच प्रयोगशाळेत शोधला, तिथे त्या आकड्याचं कुठलंच यंत्र नव्हतं, आणि काही वेळाने नाद सोडला. त्यानंतर फाइल उघडण्याच्या प्रत्येक उत्तरात डेलिगेशनच्या जागी ‘काही नाही’. पानं उलटत गेले तरी तेच. आठवडाभर आमचा सर्व्हर हे सांगत होता. एका मुलाने ते ऐकून मला सांगितलंही होतं.

मग मी फेरीतल्या सगळ्या संघांना दुसरं पत्र लिहिलं, की ४.० च्या माझ्या शीटमधल्या हिरव्या ओळी डेलिगेशनपुरत्या तरी न तपासलेल्या समजा. ग्राहकाचं नाव आणि तपशील अर्थातच त्यात नव्हते. उत्तरादाखल एका संघाने कळवलं, की त्यांनीही त्या ओळींच्या भरवशावर आपल्या क्लायंटची अंतर्गत तपासणी आखडती घेतली होती आणि आवृत्ती काढली होती. त्यांच्याकडे काही बिघडलं नव्हतं. पण तो मजकूर वाचताना माझे हात गार पडले. मी लिहिलेला एक शब्द माझ्या कंपनीबाहेर, मला न दिसणाऱ्या माणसांच्या फाइलींपर्यंत गेला होता.

त्या मुलाची मी माफी मागितली. कॉलवर नाही. ऑफिस पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या टेबलाशी जाऊन. तो म्हणाला, “मॅडम, मी तेव्हा जोर धरायला हवा होता.” मी म्हटलं, नाही, ते तुझं काम नव्हतं, ऐकून घेणं माझं काम होतं. पण तोवर नुकसान झालेलं होतं. त्या संध्याकाळनंतर तो बैठकांमध्ये विचारल्याशिवाय बोलेनासा झाला होता आणि मला वाटत होतं, मुलगा शांत स्वभावाचा आहे. त्याचा आवाज परत यायला सर्व्हरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मधल्या काळात त्याने काय काय पाहिलं असेल आणि सांगितलं नसेल, याचा हिशेब कुठल्याही ट्रेसमध्ये नाही.

पुढची दूरची फेरी मी वेगळ्या रीतीने भरवली. प्रत्येक यंत्राला फेरीपुरता स्वतंत्र पत्ता, दोन्ही दिशांनी मोकळा. हे काम मागायला मी घाबरत होते ते बहुतेक संघांनी एका सकाळीत उरकलं. पहिला दिवस टेस्टचा नाहीच. त्या दिवशी फक्त वाटा तपासायच्या: मोठं पॅकेट जातं का, कॉलबॅक उलट येतो का, घड्याळं जुळतात का. ओळख पटवणारं केर्बेरॉस एरवी घड्याळांतला ५ मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही, आणि एका यंत्राचं घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेलं निघालं. कुणीतरी भारतीय वेळ जागतिक वेळ म्हणून भरली होती. शीटमधला पास-नापासचा रकाना मी काढून टाकला. त्याऐवजी काय काय घडलं त्याचे आकडे: किती डेलिगेशन दिली, किती परत मागितली, किती वेळात आली, सर्व्हर रीबूट केल्यावर किती लॉक पुन्हा मिळवले गेले. शून्य आलं तर का आलं ते लिहायचं.

आणि खुर्च्या. एक आवाजी खोली दिवसभर उघडी ठेवली. जोडीतल्या दोघांनी एकच ट्रेस एकाच वेळी वाचायचा, एकाची स्क्रीन दुसऱ्याला दिसेल असा. सुरुवातीला कुणी येईना. एकटं बसून वाचायची सगळ्यांना सवय झालेली होती. मग जर्मनीतला एक ज्येष्ठ इंजिनिअर रोज त्याच्या सकाळी येऊन नुसता बसायला लागला, आपलं काम करत, माइक चालू ठेवून. दोनतीन दिवसांत लोक त्याला काहीबाही विचारायला येऊ लागले. त्याने हे माझ्या सांगण्यावरून केलं नव्हतं. त्यालाही ते सभागृह आठवत असावं.

समोरासमोरचे मेळावे आता पुन्हा भरतात आणि काही कामं तिथेच व्हायला हवीत. एका यंत्राच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट माहिती नेणाऱ्या आरडीएमएवरचा एनएफएस घ्या, त्याला लागणारी कार्डं आणि त्यांचा वेग इंटरनेटवरून कसा आणणार? पण दूरची फेरी आम्ही बंद केलेली नाही. उलट खोलीतल्या नेटवर्कवरही मुद्दाम विलंब घालून काही टेस्ट चालवतो. सर्व्हर डेलिगेशन परत मागतोय आणि क्लायंटला ते देणारं मूळ उत्तर अजून मिळालेलंच नाही, असे प्रसंग त्या विलंबातच समोर येतात.

आमच्या सर्व्हरमधला दोष काढला. साठा रिकामा होताना दिसतोय तोवर आम्ही मुदत वाढवतो. पण किती वाढवायची? ती अमर्याद असू नये, असं आरएफसीच सांगतं. लिहिणाऱ्याचा साठा वाचवायचा तर थांबायला हवं, आणि फाइल उघडण्यासाठी खोळंबलेल्या दुसऱ्या यंत्रापुढेही कुणीतरी माणूस बसलेला असतो. एका क्लायंटच्या संघाचं म्हणणं आहे, की सर्व्हरने दहा मिनिटं तरी धीर धरावा. दुसरा संघ म्हणतो, इतका साठा होऊ देणं हीच क्लायंटची चूक, तो आधीच थोडाथोडा पाठवायला हवा. मी स्वतः पहिल्या बाजूची आहे, कारण उशीर भरून निघतो आणि फेकलेलं लिखाण निघत नाही. यावर पुढच्या फेरीत पूर्ण एक दुपार ठेवली आहे, तीन क्लायंट आणि दोन सर्व्हर, आणि त्या दुपारी दुसरी कुठलीही जोडी लावलेली नाही.